नाव लिहून घ्या, बाई!

वर्गणी मागायला निघालेल्या माणसाला पैसे कमी पडतात, पेट्रोल कमी पडतं, आणि माझ्या वयाला गुडघेही कमी पडतात. किस्से मात्र कधी कमी पडत नाहीत. प्रत्येक उंबऱ्यावर एक चहा आणि एक किस्सा ठरलेला. चहामुळे साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, "दिवसाला किती कप?" म्हटलं, "जेवढी घरं तेवढे!" परवा भिशीला मैत्रिणी म्हणाल्या, "अगं, हे सगळं लिहून का काढत नाहीस?" म्हटलं, बायांनो, गेली चार वर्षं मी लिहूनच घेतेय!

तुम्हाला आधी थोडं सांगायला हवं. वेल्ह्यात आमच्या संस्थेचं मुलींचं छोटं वसतिगृह आहे. डोंगरावरच्या वाड्यांमधली शाळा कुठे चौथीला संपते, कुठे सातवीला. पुढचं शिकायचं तर खाली यायचं, आणि खाली यायला ना एसटी ना रस्ता. मुलगी खाली राहिली तर शिकते, नाहीतर तिची शाळा तिथंच संपते. दोन खोल्या, अठरा मुली. एकीचे पाय दुसरीच्या उशीशी. दर जूनला आईबाप मुलीला घेऊन दारात उभे राहतात आणि मी त्यांना सांगते, "जागा नाही हो. नाव लिहून ठेवते." त्यासाठी माझ्याकडे एक निळी वही आहे. ती वही भरत चालली म्हणून आम्ही आणखी दोन खोल्या बांधायचं ठरवलं.

आम्ही म्हणजे तिघं. मी, भोरच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई. दुसरे रेणुसे अण्णा, एसटीचे निवृत्त कंडक्टर, ज्यांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर माझी चार वर्षं गेली. आणि तिसरे अभ्यंकर साहेब, पुण्यातल्या मोठ्या कंपनीतून निवृत्त होऊन भोरला परत आलेले. मोहिमेची आयडिया त्यांची. "आज पैसे मागायचेच नाहीत. फक्त वचन घ्यायचं. किती देणार, कधी देणार, एवढं कार्डावर लिहून घ्यायचं. मग आपण फॉलो-अप करायचा!"

फॉलो-अप आपण करायचा म्हणजे कुणी करायचा, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

*

कार्डं झाली छापून. नाव, पत्ता, रक्कम आणि 'कधी देणार'. या शेवटच्या रकान्यानं अभ्यंकर साहेबांचं ब्लडप्रेशर वाढवलं.

साहेबांनी एक्सेल उघडलं, मी एकेक कार्ड वाचायला लागले.

"कधी देणार?"

"भात झोडपल्यावर."

"ती कुठली तारीख?"

"भात झोडपल्याची."

"पुढचं?"

"थोरलीचं लग्न उरकलं की."

"लग्न कधी आहे?"

"स्थळ बघतायत."

"पुढचं वाचा!"

"दादा म्हणंल तेव्हा. त्यापुढचं, म्हैस व्याली की. त्यापुढचं..." इथं मी जरा थांबले. "आज नाही."

साहेब म्हणाले, "आज नाही हे कळलं. कधी ते विचारलंय!"

"तेच लिहिलंय त्यांनी. कधी देणार? आज नाही!"

साहेबांनी 'बाकी' म्हणून तो रकाना पिवळा केला. वर्षाअखेरीला एक्सेल सगळं पिवळंच होतं.

त्यातून अण्णांचा एक पंच होता. एसटीत तिकिटाला भोक पाडायचे ना, तसला. जुन्या बाजारात दिसला म्हणून त्यांनी हौसेनं घेतला होता. एका घरी त्यांनी सवयीनं वचनाच्या कार्डाला टक् करून भोक पाडलं, आणि त्या दिवसापासून भोक नसलेलं कार्ड कुणी मानेचना! लोक आम्हाला थांबवून विचारायचे, "बाई, माज्या कारडाला भोक पाडलं का?" पैसे दिले का, हे विचारायची सोय नव्हती. भोक मात्र प्रत्येकाला हवं!

*

पहिल्याच वर्षी दिवाळीनंतर आम्ही एका वरच्या धनगरवाड्यावर गेलो. स्कूटर खाली लावून दोन तास चढ. अण्णा पुढे, मी मागे, आणि माझे गुडघे माझ्याही मागे. वर पाच घरं. धाकूबाबा ढेबे घोंगडीवर बसले होते. मी पाणी प्यायले, दम खाल्ला आणि वचनाचं सगळं पाठ केलेलं भाषण म्हणून दाखवलं.

बाबांनी शांतपणे ऐकलं. मग उठले आणि गोठ्यातल्या एका तांबड्या शेळीच्या पाठीवर हात ठेवला.

"ही तुमची."

"अहो बाबा, आम्ही शेळी कुठं बांधणार? वसतिगृहात मुलींनाच जागा नाही!"

"न्हेऊ नगा की. ऱ्हाऊ द्या हितंच. म्या वाट्यानं सांबाळतो."

वाट्यानं म्हणजे, शेळी एकाची, सांभाळणारा दुसरा, आणि करडं निम्मी निम्मी. आमच्याकडे ही पद्धत आहे. मला हसू आलं. म्हटलं, बरं. कार्ड पुढे केलं, अंगठा घ्यायला शाईचा पॅड काढला. बाबा म्हणाले, "अंगठा कशाला? म्हणलं न्हवं. शेळी उबी हाय की म्होरं."

कार्ड नाही म्हणून भोकही नाही. अण्णांनी पंच खिशात घातला.

तेवढ्यात त्यांची नात पाण्याची कळशी घेऊन आली. सगुणा. सातवीत होती. मी विचारलं, "वाचता येतं का गं?" तर तिनं माझ्या हातातलं कार्ड घेऊन खालच्या प्रेसच्या नावापर्यंत खडाखडा वाचून काढलं आणि वर म्हणाली, "बाई, 'वसतिगृह'मधला ति ऱ्हस्वच असतो ना?" तीस वर्षं मराठी शिकवली मी. असली मुलगी समोर आली की मला काय होतं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

बाबा म्हणाले, "हिची साळा यंदा सपती. घेता का खाली?"

"आत्ता जागा नाही हो बाबा. पण नाव लिहून ठेवते. खोल्या झाल्या, नाहीतर मधे एक जागा जरी रिकामी झाली, तरी पहिला नंबर हिचा! मी स्वतः कळवते."

"बरं. लिवा."

पुढच्या जूनच्या नव्या पानावर पहिलं नाव तिचं लिहिलं. उतरताना अण्णा म्हणाले, "बाई, आपल्याला शेळी मिळाली." आम्ही खालपर्यंत हसत होतो.

साहेबांनी एक्सेलमध्ये लिहिलं, 'शेळी, एक. तारीख लागू नाही.' आणि तोही रकाना पिवळा केला.

*

आता माईकचा किस्सा. गावाचं नाव सांगत नाही, मला अजून त्या रस्त्यानं जावं लागतं.

चैत्रातली जत्रा होती. देवळासमोर मांडव, कुस्त्यांचा आखाडा आणि माईक. देणगी दिली की नाव आणि आकडा माईकवर पुकारायची तिथली रीत. आम्ही मुलींच्या खोल्यांचं सांगितलं. पहिलं नाव आलं आबांचं. आबा म्हणजे गावातले पुढारी, पांढरी टोपी, पांढरी गाडी.

"आबांकडून अकरा हजार!"

टाळ्या! लगेच त्यांचे चुलतभाऊ उठले. "माजे एकवीस!"

आबा बसल्या जागेवरून, "एकतीस!"

चुलतभाऊ, "एकेचाळीस!"

"एक्कावन्न!!"

माईकवाल्याचा घसा बसला. साहेबांनी नारळाच्या पुड्याच्या कागदावर स्लॅबचा हिशेब मांडला आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मला म्हणाले, "बाई, ग्रामीण भागाला आपण ओळखलंच नाही!"

ते अगदी खरं होतं.

पंधरा दिवसांनी मी आणि अण्णा आबांकडे गेलो. चहा झाला, पोहे झाले, परत चहा झाला. मी कार्ड काढलं. आबांनी ते हातात घेऊन भोक बघितलं आणि माझ्याकडे बघून कीव आल्यासारखं हसले.

"बाई, ते माईकवरचं व्हतं."

"म्हणजे?"

"माईकवरचा आकडा येगळा, घरचा येगळा. आख्ख्या गावाला ठाव असतंय. तुमी एवढ्या शिकलेल्या, तुमालाच कसं न्हाई ठाव?"

आत जाऊन त्यांनी अकराशे रुपये आणले, माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "पुढच्या जत्रंला जमा झालं म्हणून माईकवर सांगा बरं का. आकडा तोच ऱ्हाऊ द्या!"

तिथून चुलतभावाकडे. ते दारातच म्हणाले, "आबानं किती दिलं?"

"अकराशे."

"मग माजं बाराशे लिवा!"

*

आबांचं एवढ्यावर संपलं नाही. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये एका मुलीचे वडील कामाला म्हणून पुण्याला गेले, तीही गेली आणि एक जागा रिकामी झाली. चार दिवसांत आबांचा फोन.

"बाई, माजी भाची हाय. तेवढी घ्या. राह्यलेला आकडा दिवाळीला देतो. घरचा न्हवं, माईकवरचा!"

भाचीचं घर डांबरी रस्त्याला. दारात एसटी थांबते. मला सगळं माहीत होतं. वहीत पहिलं नाव धाकूबाबांच्या सगुणाचं होतं, तेही माहीत होतं. पण तिथं फोनला रेंज नाही, वर चढून जायला माझे गुडघे नाहीत, आणि आबांचा आकडा आला तर जोत्याचं काम उरकतं, आणि जोतं झालं की सगळ्याच मुलींची सोय होते, असं मी स्वतःला समजावलं. बाईमाणसाला स्वतःला समजवायला फार वेळ लागत नाही.

भाची घेतली. गुणी मुलगी आहे, तिचा काही दोष नाही.

दिवाळीला आबांकडून चिवड्याचा डबा आला. डबा परत मागायला माणूसही आला.

*

या सगळ्यात शब्दाला जागणारी माणसं भेटलीच नाहीत असं समजू नका. भेटली, पण त्यांनीही आमचा जीवच खाल्ला!

विंझरच्या बाजूच्या एका वाडीतल्या पाच बायका. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं पैसं न्हाईत. आमी अंगमेहनत देतो. माघातलं पाच सोमवार." त्यांच्याकडे सोमवारी औत धरत नाहीत, म्हणून सोमवार. साहेब खूष. कार्डावर 'श्रमदान' लिहिलं, अण्णांनी भोकं पाडली.

आता आमचं बांधकाम कुठं सुरू होतं? मुकादम आज येतो, उद्या येतो करत होता. आणि पहिल्या सोमवारी सकाळी सातला पाच बायका दारात! डोक्यावर घमेली, हातात कुदळी, फडक्यात भाकरी.

"बाई, काय करायचं?"

"अहो, अजून आखणीच झाली नाही. काम निघालं की निरोप देते."

"असं कसं? माघ म्हणलंय. दिस भरायचा आमाला!"

म्हणून मी त्यांना अंगण साफ करायला सांगितलं. दहा वाजता ते संपलं. मग त्यांनी देणगीत आलेलं इंद्रायणीचं पोतंन् पोतं उघडून तांदूळ निवडले. दुसऱ्या सोमवारी काही सुचेना, म्हणून मागच्या कोपऱ्यातला दगडांचा ढीग उचलून पुढच्या कोपऱ्यात रचायला सांगितला. दिवसभर राबल्या बिचाऱ्या. तिसऱ्या सोमवारी तो ढीग नीट रचून त्याला कडा काढल्या.

त्यानंतर मुकादम आला. त्यानं ढीग बघितला आणि म्हणाला, "पाया तर हितंच खणायचाय. दगड त्या मागल्या कोपऱ्यात पायजेत!"

चौथ्या सोमवारी ढीग परत मागे. पाचव्या सोमवारी उरलेला. संध्याकाळी पाची जणी हात धुऊन, पदर झटकून समोर उभ्या राहिल्या. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. त्यातली थोरली म्हणाली, "झालं पाच सोमवार. भोक पाडा!"

अण्णांनी मुकाट्यानं प्रत्येकीच्या कार्डाला दुसरं भोक पाडलं.

*

ट्रेकर लोकांची आयडियासुद्धा साहेबांचीच. "राजगडाखाली पालीला रविवारी टेबल टाका. शिकलेली, नोकरदार मुलं असतात. तिथं पैसे मिळतीलच!"

टाकलं टेबल. मुलं खरंच गोड. सगळ्यांनी वसतिगृहाचं विचारलं, मुलींच्या फोटोसमोर सेल्फी काढल्या, भराभर कार्डं भरली. फक्त एकच म्हणणं. "काकू, इथं रेंज नाहीये. उतरल्यावर नक्की देतो!"

संध्याकाळी सहापर्यंत मी टेबलाशी बसून. कुणी उतरेना! मला काळजी वाटायला लागली, गडावर काही झालं का काय. चहावाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "काकू, ती तर कवाच गेली. हिकडनं चढली आन् पल्याड गुंजवण्याला उतरली. गाड्या तिकडंच बोलावत्यात ना!"

पुढच्या रविवारी आम्ही हुशार झालो. मी पालीला, अण्णा गुंजवण्याला. दोन्हीकडे टेबल. दुपारी पहिला ग्रुप गुंजवण्याला उतरला. अण्णा उठून उभे राहिले. मुलं हात हलवून म्हणाली, "काका, पालीला दिले ना सकाळी!" इकडे माझ्याकडे पालीला उतरलेली मुलं म्हणत होती, "काकू, गुंजवण्याला त्या काकांना दिले की!"

संध्याकाळी वेल्ह्यात आम्ही दोघं भेटलो. दोघांचे डबे रिकामे. अण्णांनी पंच काढून टेबलावर ठेवला.

"बाई, तीस वर्षं कंडक्टर व्हतो. मागल्या दारानं चढून पुढल्या दारानं उतरणारे लई बगितले. पण डोंगराला दोन दारं असतील तर कंडक्टरनं करायचं काय?"

*

फार्महाऊसवाले साहेब तर वेगळेच. मोठी गाडी, धरणाच्या कडेला बंगला. म्हणाले, "एक पूर्ण खोली माझ्याकडून. फक्त माझ्या आईचं नाव लागलं पाहिजे."

"लावू की."

आठ दिवसांत टेम्पो आला. आम्हाला वाटलं, विटा आल्या. उतरवली तर काळ्या ग्रॅनाइटची भली मोठी पाटी! आईचं नाव सोनेरी अक्षरांत. भिंत नाही, खोली नाही, पाया नाही, आणि पाटी हजर! ती लावायची कुठं? वर्षभर स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवली. मुली तिला पाय लागला की नमस्कार करायच्या.

आमच्या स्वयंपाकीण हिराबाईंना असलं वाया गेलेलं बघवत नाही. एक दिवस ते बंगलेवाले साहेब अचानक पाटी बघायला आले. मी त्यांना आत नेलं, तर पाटी ओट्यावर पालथी घातलेली आणि हिराबाई तिच्यावर धपाधप चपात्या लाटतायत!

साहेबांचा चेहरा लाल. हिराबाईंनी वरसुद्धा बघितलं नाही.

"काळजी करू नका सायेब. नाव खालच्या अंगाला हाय. झिजायचं न्हाई!"

साहेबांनी पाटीवरच्या पिठावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "भिंत झाली की नीट लावा." भिंतीचे पैसे द्यायचे राहूनच गेले.

*

एक कार्ड मी अजून पर्समध्ये ठेवलंय. गुंजवणी धरणात ज्यांचं गाव गेलं, त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यांचं. पत्त्याच्या जागी त्यांनी लिहिलं होतं, 'धरणात.'

मी म्हटलं, "काका, आत्ताचा पत्ता लिहा. फॉलो-अपला यायला लागेल."

"गाव विचारलंय न्हवं? गाव तितंच हाय. आन् तुमी कशाला येता, म्या येतो की."

दरवर्षी भाताची मळणी झाली की ते लांबून दोन एसट्या बदलून येतात, कार्डावर लिहिलेले पाचशे देतात, चहाला नको म्हणतात आणि शेवटच्या गाडीच्या आत निघून जातात. आम्ही कधी फोनसुद्धा केला नाही त्यांना. कुठं करणार?

*

तर अशा रीतीनं, आबांचा माईक, ट्रेकरांची रेंज आणि पाटीची भिंत यांतून चार वर्षं गेली. वचनांचं म्हणाल तर एक्सेल अजून पिवळंच आहे. पण कुठून कुठून थोडं थोडं आलं, आणि यंदा मे महिन्यात दोन खोल्या उभ्या राहिल्या. रंग अजून ओला होता. साहेब हात मागे बांधून या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. मी नुसती पायरीवर बसले. आनंद झाला होता, पण तो दाखवायचंसुद्धा त्राण नव्हतं.

एवढ्यात फाटकातून शेळ्या आत आल्या. एक तांबडी मोठी, मागे पाच लहानमोठ्या, आणि त्यांच्यामागे खांद्यावर घोंगडी टाकलेले धाकूबाबा.

साहेब ओरडले, "अहो, अहो! ओला रंग आहे! कुणाच्या या शेळ्या?"

"तुमच्याच की."

साहेबांना काही कळेना. मला कळलं. बाबांनी पायरीवर टेकून एकेकीकडे बोट केलं. "ही तुमची. ही हिची पयली. ह्या दोन नंतरच्या. ही पयलीच्या पोटची पाट. आन् ही बारकी औंदाची. बोकडं बाजारात इकली, त्यात तुमचं निम्मं ह्यात हाय." कोपरीच्या खिशातून त्यांनी गाठ मारलेलं फडकं काढून माझ्या हातात दिलं. "एक वाघरानं न्हेली. ती माज्या वाट्यातली धरली."

अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. साहेबांनी लॅपटॉप उघडला, 'शेळी, एक' वाली ओळ शोधली आणि तिच्याकडे बघत बसले.

मी आत गेले. निळी वही आणली. जुनं पान काढलं. पहिलं नाव तसंच होतं, माझ्याच अक्षरात.

"बाबा, खोल्या झाल्या बघा! सगुणाचा पहिला नंबर आहे. शाळा सुटली असली तरी आपण परत बसवू तिला. उद्या घेऊन या, मी थांबते!"

बाबा तांबडीच्या गळ्यातली दोरी सोडवत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"ती नांदायला गेली, बाई. मागल्या माघात दिली. दोन साल वाट बगितली तिनं. रोज खालच्या वाटंकडं बगायची."

आत हिराबाईंचं लाटणं थांबलं. मला भाचीची आठवण झाली, चिवड्याच्या डब्याची आठवण झाली. चार वर्षं घरोघर जाऊन मी लोकांना त्यांचा शब्द आठवून देत होते. लाज वाटली. दुसरा शब्द नाही मला.

"मग बाबा, तुम्ही या शेळ्या... तुमच्या नातीचं तर काहीच..."

"का? म्या म्हणलं व्हतं न्हवं, देतो म्हणून?"

मी पावतीपुस्तक उघडलं. तारीख चुकली, ती खोडून परत लिहिली. मग विचारलं, "पावती कुणाच्या नावानं करू?"

बाबा उठले, घोंगडी झटकली आणि माझ्या मांडीवरच्या निळ्या वहीकडे हनुवटीनं दाखवलं.

"त्यात हाय तेच घाला."